सरांचे कान

नाडीवाले सर भेटले की आधी मनगट धरत. नमस्कार, खुशाली, सगळं नंतर. एसटी स्टँड असो की लग्नाची पंगत, समोरचा माणूस पानात वरण घेत असला तरी त्याचा डावा हात सरांच्या बोटांत जायचाच. "बोलू नको, दिल कामात हाये," असं म्हणत ते डोळे मिटून घेत. मग हात सोडत आणि म्हणत, "चालू हाये. आता बोल." सोनाळ्यात त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणी घेत नसे.

शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. हृदयाचा धडा आला की फळा वर्गात राहायचा आणि आम्ही कबड्डीच्या मैदानावर. तिथे ते फक्कीने चार खोल्या आखत, दोन वर, दोन खाली. डावीकडच्या खालच्या खोलीची रेघ मात्र दुहेरी. "हिले साऱ्या अंगात रक्त ढकला लागते, म्हणून हिची भिंत जाड." आम्ही सगळी मुलं म्हणजे रक्त. शाळेच्या आवारभर फिरून, दमून उजव्या वरच्या खोलीत शिरायचं, तिथून खालच्या खोलीत आणि तिथून बाहेर कडुनिंबापाशी. कडुनिंब म्हणजे फुप्फुस. त्याचं एकेक पान घ्यायचं, तो प्राणवायू. पान घेऊन डाव्या वरच्या खोलीत यायचं, मग खालच्या, आणि तिथून धक्का खाऊन पुन्हा आवारभर पळत ती पानं वाटून टाकायची. परीक्षेत हा प्रश्न आला की अर्धा वर्ग मान वर करून खिडकीतून कडुनिंबाकडे बघत असे.

मुलगी असूनही मी वर्गात सगळ्यांत आडदांड, म्हणून मला दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभं करत. मी झडप. "आला तो समोर. मांगं कोणाले फिरू देऊ नको, हेडमास्तर असो का कोणीबी." एकदा गोंगाट ऐकून हेडमास्तर खरंच आत आले आणि परत वळायला लागले, तर मी त्यांना वाट दिली नाही. बिचाऱ्यांना फुप्फुसावरून वळसा घालून ऑफिसात जावं लागलं. सर त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

झडपांचं हे वेड कुठून आलं, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळायचं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंना लहानपणी माहेरी, वरवट बकालला, घसा धरून ताप आला होता, सांधे सुजले होते. ताप गेला, पण जाताना हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आखडून गेला. दार पुरतं उघडेना की पुरतं लागेना, त्यामुळे रक्त मागे फुप्फुसात तुंबायचं. अंगणातून घागर आणली तरी त्यांना धाप लागायची आणि रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागायचं. शेवटी नागपूरला ऑपरेशन झालं आणि त्यांना धातूची झडप बसवली.

त्या झडपेला आवाज होता. पंखा चालू असला की कळत नसे, पण दुपारी लाईट गेली की काकू ऐकू येत. टिक, टिक. शेजारच्या बायका आधी दचकत, पुढे त्याला 'काकूचं घड्याळ' म्हणायला लागल्या. सर तर ऐन मे महिन्यात पंखा बंद करून पेपर वाचत बसायचे. "गरम होत नाही का, सर?" मी एकदा विचारलं. "होते ना. पण आयकू येते." बायकोवर इतका जीव टाकणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही, आणि माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत.

"रक्ताले धातू परका," सर सांगायचे. "त्याच्यावर ते थिजाले पाह्यते. म्हणून हे रक्त पातळ ठेवाची गोळी. हे चुकली का संपलं." गोळीच्या पाकिटावर औषधवाल्याने लिहून दिलं होतं, रात्री जेवणानंतर. काकूंनी ते वर्षानुवर्षं देवाच्या आज्ञेसारखं पाळलं.

माझं लग्न झाल्यावर एका वर्षी त्यांच्या मुलीचं बाळंतपण फार अडलं. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली आणि काकूंनी बोललेला नवस फेडायला घेतला. नवरात्रभर अन्न नाही, फक्त दूध आणि चहा. सर कुरकुरले, पण देवीपुढे त्यांचं विज्ञान कधीच चाललं नव्हतं. "गोळ्या हायेत ना?" ते रोज विचारायचे. "हाव, हायेत," काकू सांगायच्या. आणि त्या होत्याही, पाकिटात.

दसऱ्याला मी मेहकरहून माहेरी आले. आपट्याची पानं द्यायला गेले तर सर ओसरीवर बसलेले. "पोरी, माझे कान गेले वं," ते म्हणाले. "तुह्या काकूची टिकटिक मले दबल्यावानी येते, चिंध्यात गुंडाळल्यासारखी." वय झालेलंच होतं, कुणाला नवल वाटलं नाही. काकू आत धापा टाकत होत्या, पण उपासाचा अशक्तपणा म्हणून तेही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सर शेगावला जाऊन कान धुऊन आले. "डॉक्टर म्हणते कान मस्त हायेत. पोरगा नवा दिसते, त्याले काय समजते." जन्मभर डॉक्टरांवर विश्वास ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाने नेमका त्या एका डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे ओठ निळे पडले. गावातली एक जीप मिळाली. अकोल्यापर्यंत काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि सरांना विचारलं, "झडपेचा आवाज केव्हापासून बसलाय?"

"आवाज ठीक हाये, साहेब," सर म्हणाले. "माझेच कान..." त्यांचा चेहरा मी पाहिला. देवाने तो मला दाखवायला नको होता.

डॉक्टरांनी गोळीचं विचारलं. काकूंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि धडा पाठ असलेल्या मुलीसारखं सांगितलं, "जेवल्यावर घ्याची गोळी हाये ना ते. नवरात्रभर जेवलीच नाई, तं घेऊ कशी?"

संध्याकाळी त्या गेल्या. रक्त थिजून झडपेची पाती चिकटली होती.

गावातल्या पिढ्यांना हृदय समजावून सांगणाऱ्या माणसाच्या घरात हे घडलं. मी स्वतः आता शिक्षिका आहे. तो धडा मीही शिकवते, पण शिकवल्याने कुणाचं काही वाचतं यावर माझा भरवसा उरलेला नाही. लोक म्हणतात, काळ सगळ्यावर औषध आहे. सरांच्या बाबतीत मला ते खोटं निघालेलं दिसतं.

गेल्या दिवाळीत भेटायला गेले, तेव्हा ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी बोलायला लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "कोणीतरी सायकल हातात धरून येऊन राह्यलं. चेन ढिली हाये." मला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने वळणावरून एक दूधवाला सायकल ढकलत आला. चेन खडखडत होती.

"सारं आयकू येते, पोरी," सर म्हणाले. "तवाबी येत होतं."