बारा फूट

नाव: कै. निरापद समाद्दार. हुद्दा: अग्निशमन दलातील निवृत्त अधिकारी. सेवा: चौतीस वर्षे. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. स्वभाव: कर्तव्यदक्ष, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ. गल्लीशी संबंध: अभिमानाचे.

हा मजकूर पूजा भरवणाऱ्या क्लबाच्या पल्टूने लिहून आणला होता. उत्तर कोलकात्यातल्या त्या गल्लीच्या यंदाच्या दुर्गापूजेत मंडपाबाहेर त्याची पाटी लागायची होती. त्यांच्या पत्नीने, बिभा समाद्दारने, तो दोनदा वाचला. ‘कुटुंबवत्सल’ एकवेळ चालेल. मुलाच्या उष्टावणाच्या दिवशी निरापद तागाच्या गोदामाच्या आगीवर होते. पण घरी असले की ती मैद्याच्या लुची तळताना गुपचूप येऊन तिचा पदर कमरेला खोचून जायचे. तिने गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बंद करायचे. ‘मनमिळाऊ’ला मात्र ती अडली.

“पल्टू, तुम्हीच त्यांना फूटपट्टी म्हणायचात ना रे?”

“ते प्रेमाने, बौदी!” पल्टू आपल्या या वहिनीला म्हणाला.

निवृत्तीनंतर दरवर्षी मंडपाचे बांबू येऊन पडले की निरापद मोजायची फीत घेऊन गल्लीत उभे राहायचे. गल्ली साडेचौदा फूट. बंबाला बारा फूट मोकळे हवेत, मंडप कोपऱ्यावरच्या मैदानात न्या, एवढंच त्यांचं म्हणणं. पल्टू हात जोडायचा, “दादा, वर्षातून चार दिवस माहेरी येते दुर्गा आई. तिला तरी मोकळा श्वास घेऊ द्या!” पोरं खिदळायची. निरापदचा मुलगा बाबुनही, जरा मागे उभा राहून.

गेल्या वर्षी पूजेत अष्टमीच्या सकाळी श्वास अडकला तो निरापदचाच. रुग्णवाहिका मंडपापलीकडे थांबली. बाबुनने आणि शेजाऱ्याने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत घालून उचललं. पुष्पांजलीला ही गर्दी. बिल्ला लावलेला स्वयंसेवक ओरडला, “रांगेतून या, रांगेतून!” निरापद खुर्चीत दोन्ही हात पसरून काहीतरी मोजत होते. लोकांना वाटलं, देवीला हात जोडायला धडपडताहेत. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं.

म्हणून यंदाचा मंडप त्यांच्या स्मरणार्थ. देखावा: आगीचा बंब.

“फोटो देते, त्यांची टोपी देते,” बिभा म्हणाली. “पण बारा फूट सोडायचे.”

“हे काय सांगायला हवं, बौदी? त्यांच्याच नावाचा मंडप!” पल्टू तिच्या पाया पडला. बाबुन आता क्लबाचा सहचिटणीस होता. त्यानेही मान डोलावली.

पंचमीला उद्घाटन झालं. बंब झकास होता. प्लायवूडचा, लालभडक, वर शिडी, पुढे पितळी घंटा. लोक त्याच्या पोटातून देवीपर्यंत जात होते. पाहुण्यांनी त्यागावर भाषण केलं. टाळ्या संपल्यावर पुढच्या खुर्चीवरची बिभा उठली. तिने पिशवीतून फीत काढली.

“बाबुन, टोक धर.”

“आई, लोक बघताहेत.”

“तेव्हाही बघतच होते. धर.”

त्याने धरलं. ती भिंतीकडे चालत गेली.

बंबाने तेरा फूट घेतले होते. उरलेल्या दीड फुटात पाटी उभी होती.