पंखा बंद, दिवा हिरवा

मंडळी, आज डोकं इतकं फिरलंय की कुठेतरी ओकायलाच हवं.

मी पनवेलमध्ये एका टेलिकॉम कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये काम करते. सर्व्हरचा पंखा बंद पडला की पॅनेलवर लाल दिवा लागतो. कुठला बिघाड गंभीर, कुठला किरकोळ, हे सेटिंग माझ्याकडे असतं. किरकोळ ठरवलं की दिवा हिरवाच राहतो.

आज सकाळी एक पंखा बंद पडला. दिवा लाल. आणि नेमके आजच मोठे साहेब पाहणीला येणार होते.

मॅनेजर धावत आले. "मॅडम, तो लाल दिवा आधी घालवा."

"सर, नवा पंखा द्रोणागिरीच्या गोदामात आहे. गाडी पाठवूया ना."

"पंख्याचं नंतर बघू. अलार्म किरकोळ करून टाका. साहेब गेले की परत गंभीर करा."

केलं. नोकरी आहे.

साहेब आले, सगळं हिरवं बघून खूश झाले. मग त्यांना जेवायला नेण्याच्या गडबडीत पंख्याचं कुणालाच आठवलं नाही, मलाही नाही. दुपारी सर्व्हर तापून बंद पडला. अख्ख्या खांदा कॉलनीतले फोन गेले.

मॅनेजर सगळ्यांसमोर मलाच विचारतात, "अलार्म का नाही आला?"

संध्याकाळी घरी आले. आम्ही खांदा कॉलनीतच राहतो. आई म्हणाली, "दुपारी बाबा चक्कर येऊन पडले. तुला किती फोन लावले, एक लागेल तर शपथ! शेवटी शेजारच्यांनी रिक्षाने दवाखान्यात नेलं."

बाबा आता बरे आहेत. पण आई अजून विचारतेय, फोन का लागत नव्हता.

काय सांगू तिला? साहेब आले होते म्हणून?