माफीचं पान

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. मालकही म्हणे, आणि तो तर त्यांच्याहून मोठा होता. काच मापात कापायची, मशीनवर कडा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायची. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बोलणं मात्र कामापुरतं. घरी मोठी बहीण आणि त्या, दोघीच. कुणी नवऱ्याचा विषय काढला की काकू मशीन सुरू करत आणि पुढचं बोलणं त्या आवाजात बुडून जाई.

ती कादंबरी त्यांना काउंटरवरच्या मुलीने दिली. मुलगी बडबडी, नुकतंच लग्न ठरलेली. काळ्या मुखपृष्ठावर लाल गुलाब आणि त्याला गुंडाळलेली साखळी. काकूंनी जेवणाच्या सुट्टीत, डब्याला टेकवून, सहज म्हणून पहिलं पान उघडलं आणि भाजी गार झाली तरी मान वर केली नाही.

एका श्रीमंत, देखण्या, अबोल माणसाचं एका मुलीवर मन बसतं. तो तिच्या मागावर राहतो, तिला उचलून आणतो आणि डोंगरावरच्या बंगल्यात कोंडून ठेवतो. ती रडते, शिव्या देते, आणि हळूहळू त्याच्याच प्रेमात पडते.

काकूंना संताप आला. कोंडलेली ती मुलगी रेशमी पडद्यांच्या खोलीत राहत होती, तिच्यासाठी रोज ताजी फुलं येत. काकूंनाही नवऱ्याने लग्नानंतरची काही वर्षं कोंडलं होतं. कामावर जाताना तो बाहेरून कुलूप घाली आणि किल्ली खिशात टाकून जाई. संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात बादली. कादंबरीत बादली कुठेच नव्हती. लिहिणाऱ्या बाईला एकदा गाठून विचारावं असं त्यांच्या फार मनात आलं, की अगं, हिला दिवसभरात एकदाही लघवीला लागत नाही का?

एवढं असून पुस्तक काही त्यांच्याच्याने सुटेना. पुढे काय होईल या विचारात एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसली. नायक दारात येऊन उभा राहिला की त्यांच्या छातीत धडधडे, आणि ही धडधड भीतीची नाही हे लक्षात आलं की स्वतःचीच किळस येई. शेवटाकडे तो नायक गुडघे टेकून माफी मागत होता. मी तुझे दिवस चोरले, असं म्हणत होता. ते पान काकूंनी कितीदा वाचलं कुणास ठाऊक. सबंध पुस्तकभर तो छळ आपण या एका पानासाठी सोसला, हे त्यांना कळून चुकलं.

त्यांच्या नवऱ्याने कधी माफी मागितली नव्हती. खालच्या मजल्यावर आग लागून जिना धुराने भरला, तेव्हा शेजाऱ्यांनी कुलूप फोडून त्यांना बाहेर काढलं होतं. संध्याकाळी नवरा आला, दाराकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुलूप कुणी तोडलं?" काकू नेसत्या कपड्यानिशी बहिणीकडे निघून आल्या. पुढे तो वारला, तेव्हाही गेल्या नाहीत.

पुस्तक परत द्यायला त्या काउंटरवर आल्या तेव्हा मुलगी फ्रेमच्या कपाटाचा फोटो काढत होती. होणाऱ्या नवऱ्याला पाठवायचा, म्हणाली. ती दुकानातच आहे याची त्याला खात्री हवी असते, दिवसातून चार-पाचदा. हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकूंनी स्टूल ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळं सांगितलं. कुलूप, बादली, धूर, काही ठेवलं नाही. मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. तिचे डोळे भरून आलेले बघून काकूंना वाटलं, पोचलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "दिसायला कसे होते हो ते?"

काकूंनी हातातलं पुस्तक काउंटरवर ठेवलं. मग म्हणाल्या, "किडमिडीत. दात किडलेले."

"पण जीव किती असेल ना तुमच्यावर."

"होता ना जीव. कुलपावर."

मुलगी हसली. तिला तो विनोद वाटला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने काम सोडलं. नवऱ्याला आवडत नाही, एवढाच निरोप आला. काकूंनी फोन लावला तर त्यानेच उचलला, ती कामात आहे म्हणाला. पुन्हा लावला तर नंबर बंद. न राहवून त्या मुलीच्या आईकडे जाऊन आल्या. आईने कौतुकाने चहा पाजला आणि सांगितलं, जावई पोरीला डोळ्याआड होऊ देत नाहीत, इकडे यायचं तरी सोबत येतात. काकूंनी चहा संपवला. नशीबवान आहे म्हणाल्या आणि निघाल्या. आपण तसं का म्हणालो, याचा त्यांना रस्ताभर राग येत राहिला.

काही महिन्यांनी त्या कादंबरीचा दुसरा भाग बाजारात आला. काकूंनी तो स्वतः जाऊन विकत आणला. या भागात नायकाने कसल्याशा संशयावरून तिला पुन्हा कोंडलं होतं. काकू दातओठ खात वाचत होत्या, मध्येच "मेल्या" म्हणून पान उलटत होत्या. तयार चष्मे न्यायला आलेल्या मालकाने विचारलं, एवढा राग येतो तर वाचता कशाला?

"राग येतो म्हणूनच," त्या म्हणाल्या.

ते अर्धंच खरं होतं.