माळावरचे दोन गुंठे

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. मला जाऊन सहा-सात महिने झाले. एवढ्यावर माणसाला लिहिण्याचा हक्क मिळतो असं मी मानत नाही. शिवाय आमच्यावर मोठा काही जुलूम झाला नाही. कोणी मारलं नाही. कोणी उपाशी ठेवलं नाही. ज्यांनी खूप भोगलं आहे त्यांनी हे वाचून हसू नये, एवढीच विनंती.

वकीलसाहेबांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आमची चूल फोडली.

बारामतीत त्यांच्या मोठ्या घराच्या मागे, बोळाकडे तोंड असलेल्या एका खोलीत आम्ही भाड्याने राहत होतो. माझे वडील गुळाच्या बाजारात हमाल. त्यांना सगळा बाजार तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणतो. आई भाजी विकते. तिचे भाऊ, माझे मामा, इंदापूर तालुक्यात कळसला भाजीपाला करतात. बाजाराच्या दिवशी ते गाडी घेऊन येतात आणि आई पाट्या भरून दारोदार फिरते. खोलीचं भाडं महिन्याला पाच रुपये. अकरा वर्षं राहिलो. पावती एकदाही मिळाली नाही. मागितलीही नाही.

साहेबांच्या घरी कार्य निघालं की खोली रिकामी करून द्यायची, अशी रीत होती. ती कोणी ठरवली माहीत नाही. पूर्वी मुंजीला दिली होती, बारशाला दिली होती. या वेळी वऱ्हाड खोलीत उतरणार होतं, म्हणून साहेबांचा दिवाणजी सकाळीच आला.

"चूल काढून टाका. धूर दिसतो भिंतीला."

आई म्हणाली, "मातीची चूल हाय दिवानजी. उचलून कशी न्यायची?"

"मग फोडा. पुन्हा घाला की. माती काय विकत आणता?"

आईने पाट्याचा वरवंटा घेतला आणि आपल्या हाताने चूल फोडली. माती पाटीत भरून बोळात टाकली. मग खोली सारवली. वऱ्हाड येणार म्हणून उंबऱ्यावर रांगोळीही काढली. ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं सामान परसातल्या निंबाखाली गेलं. एक ट्रंक, दोन बोचकी, भांडी. आई त्यावर बसून राहिली. चुना मारायला माणूस आला आणि त्याने घाईत एक हात फिरवला.

दुपारी वऱ्हाड आलं. मला पाणी भरायला लावलं होतं. मी घागर घेऊन खोलीत गेलो तेव्हा साहेब व्याह्यांना जागा दाखवत होते. व्याह्यांनी विचारलं, "इथं एरवी कोण राहतं?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. "गोठा होता पूर्वी. आता रिकामीच असते."

व्याही भिंतीजवळ गेले. चुन्याखालून कोळशाच्या रेघा दिसत होत्या. वर्तुळ, त्याला स्पर्शिका, बाजूला अक्षरं. मॅट्रिकचा अभ्यास मी त्या भिंतीवर केला होता. कागद जपून वापरावा लागायचा.

"मग ही भूमिती कोणाची?"

"पोरंटोरं शिरतात खेळायला," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ए, घागर ठेव आणि हो बाहेर."

मी घागर ठेवली आणि बाहेर झालो.

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आलं नाही.  बाहेर आई बसली होती. तिने ऐकलं होतं. दार उघडंच होतं आणि निंब दोन पावलांवर. तिने मला विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

त्या महिन्याचं भाडं पूर्ण घेतलं.

नवी चूल वाळायच्या आधी आईने विषय काढला. कोऱ्हाळे बुद्रुकचे एक आबा होते. त्यांच्या उसाला पाणी मिळालं होतं आणि बारामतीबाहेर, कालव्यापलीकडे त्यांचा माळाचा एक तुकडा पडून होता. ते भाजी घेता घेता आईला म्हणाले होते की दोन गुंठे द्यायला हरकत नाही, साडेतीनशे द्या. आईने भाजीतून जमवलेले आणि तात्यांचे आडतदाराकडे ठेवलेले मिळून साधारण तेवढेच होत होते. ते पैसे माझ्या कॉलेजसाठी आहेत, असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

"जागा घ्यायची," आई म्हणाली. "आपल्याला कुनी ऊठ म्हननार न्हाय आसं चार हात पायजेत."

तात्या म्हणाले, "जागा घेतली म्हंजे घर झालं का? काटं हायेत तितं. भिंती कशाच्या घालशील? वर काय घालशील? बांदून हुईस्तवर हितलं भाडं द्यायचं, तितं गवंड्याला द्यायचं. दोन्हीकडनं मरायचं."

"हळूहळू घालू."

"आनि पहाटं गाड्या येतात. जो पयला हजर त्याला पयली गाडी. हितनं मी उठलो की बाजारात. माळावरनं यायला किती येळ?"

"लवकर उठा मग."

"भाड्याचं बरं आसतं," तात्या म्हणाले. "काम दुसरीकडं लागलं तर बोचकं उचलायचं आन चालायचं."

"अकरा वर्सं बसलाय हितं," आई म्हणाली. "बोचकं उचलून कुठं निघालाय?"

तात्यांना हसू आलं. मलाही आलं. मग मी, मॅट्रिकला बसलेला शहाणा, मध्ये बोललो. अकरा वर्षांत दिलेलं भाडं मी तोंडीच मांडून दाखवलं. त्यात जवळजवळ दोनदा ती जागा आली असती.

तात्या माझ्याकडे वळले. म्हणाले, "व्हय. पर तवा एकदम साडेतीनशे कुठं व्हते? पाच व्हते."

 पण माझं मन जागेवर बसलं होतं. मी म्हणालो, कॉलेज एक वर्ष पुढे ढकलतो. इंदापूरकडच्या साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावर पोरं घेतात, तिथे लागतो. तात्या म्हणाले, "एक वर्स म्हनून गेलेलं पोरगं मागारी आलेलं मी बगितलं न्हाय."  आईला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही होत नव्हतं.

निकाल लागला. मी पास झालो. आबांनी जागेचा जुना कागद बघायला दिला. तो मोडी लिपीत होता. तात्यांना अक्षरओळख नाही. मला मोडी येत नव्हती. मी कागद उलटा धरला आहे की सुलटा, एवढंही मला सांगता येईना.

इथे आम्ही जे केलं ते आमच्यासारखीच माणसं करतील. कागद वाचता येणारा आमच्या ओळखीचा एकच माणूस होता. तात्या तो कागद घेऊन वकीलसाहेबांकडे गेले. मला बरोबर नेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. लग्नातलं ते बोलणं एका बाजूला होतं आणि साहेबांचं ज्ञान दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच माणसाचं आहे, हे माझ्या डोक्यात जुळलं नव्हतं.

साहेब झोपाळ्यावर बसले होते. आम्ही पायरीवर. त्यांनी कागद सावकाश वाचला. मग चष्मा काढून फार प्रेमाने बोलले.

"सखाराम, तुला घर कशाला हवं? घर म्हणजे खर्च. कौलं फुटतात, भिंत खचते, घरपट्टी येते. भाडेकरूला काय? पाच रुपये ठेवले की मोकळा. पैसा मातीत घालू नकोस. पोरगा हुशार आहे, त्याच्यात घाल."

"व्हय साहेब."

"आणि या जागेवर वाद आहे. भाऊबंदकी. उद्या कोर्टात उभा राहशील, वकिलाची फी कुठून देशील?" ते हसले. "मी घेणार नाही तुझ्याकडून, ते सोड."

तात्याही हसले. हात जोडूनच बसले होते.

"आणि पुण्याची काळजी करू नको," साहेब म्हणाले. "माझ्या भावाचं घर आहे तिथे. जिन्याखाली जागा आहे, पोरगा पडेल. भाडं नको. वरची कामं करील, पाणी भरील, मुलांना शाळेत पोचवील. आपलाच आहे."

तात्यांचं तोंड उजळलं. ते मला म्हणाले, "पाया पड साहेबांच्या."

मी उठलो नाही. का उठलो नाही हे मी नंतर पुष्कळ वेळा शोधलं. धाडस नव्हतं. त्यांनी "आपलाच आहे" म्हटलं, तेव्हा मला ती भिंत आठवली. मी त्यांचा होतो, पण त्यांच्या खोलीत कोणी राहत नव्हतं.

मी म्हणालो, "न्हाय साहेब. मी भाड्यानं राहीन."

"काय?"

"भाडं दीन. पावती घीन."

कॉलेजात जाणारा मी, पण त्या वेळी तोंडातून घरचीच बोली आली.

साहेब रागावले नाहीत. आतल्या बाजूला वळून मोठ्याने म्हणाले, "अहो, ऐकलंत का? सखारामच्या पोराला पावती हवी!" आतून कोणी तरी हसलं. तात्यांनी मान खाली घातली. त्यांच्या मानेवर पोत्यांनी घट्टा पडला आहे. तो मी तेव्हा इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला.

बोळात आल्यावर तात्या एवढंच बोलले, "तुला बोलाय कुनी सांगितलं व्हतं?"

मी त्यांच्या मागून चालत राहिलो.

जागा घेतली नाही. वादाची जागा कोण घेणार? आईने आबांचा कागद परत केला आणि त्या दिवशी ती भाजी घेऊन दुप्पट फिरली. दौंडच्या छोट्या आगगाडीत मला बसवताना तात्यांनी पैसे हातात दिले. म्हणाले, "जिन्याखालचं नगं म्हनालास. आता खोलीला घाल. पावती घे." टोमणा होता की आशीर्वाद, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

पुण्यात तिघांनी मिळून एका पेठेत खोली घेतली. फी माफ झाली, पण भाडं आणि खानावळ यांत आईची जागा दर महिन्याला थोडी थोडी जाते आहे, हे मला दिसतं. पहिली पावती मिळाली तेव्हा मी ती खूप वेळ बघत होतो. तिच्यावर माझं नाव होतं. आमच्या घरातल्या कोणाचंही नाव असलेला जागेचा तो पहिला कागद. आणि तोही एवढंच सांगत होता, की हा महिना संपला.

मी असा विचार करायचो की साहेब बरोबर बोलले. घर म्हणजे खर्च, हे खरं. पैसा अडकतो, हे खरं. मी अर्थशास्त्राचा तास मन लावून ऐकायचो आणि प्रत्येक तासाला साहेबच बरोबर निघायचे. मला माझ्या उद्धटपणाची लाज वाटू लागली होती. सुट्टीत जाऊन पाया पडायचं, असंही मी ठरवलं होतं.

संक्रांतीनंतर मामा पुण्यात आले. वांगी विकायला आणली होती. खोलीवर आले, ट्रंकेवर बसले, पाणी प्यायले. थोडा वेळ माझ्या पुस्तकांकडे बघितलं.

"माळावरची जागा गेली बग," म्हणाले.

"कोणी घेतली?"

"वकिलानं. मेव्हन्याच्या नावावर. तुमचे दोन गुंठे न्हाय, आख्खा तुकडा घेतला."

"त्यावर वाद होता ना?"

"कसला वाद? आबाला म्या तोंडावर इचारलं. त्यो म्हनला, वाद कशाचा, माज्या बापानं घेतलेली जागा. वकीलच मला म्हनला, हमालाला परवडत न्हाय, त्याची वाट बगू नगं. कालव्याच्या कडंनं मोठा रस्ता हुतोय म्हनं. त्याला आधीच ठावं."

 खालून हातगाडीवाल्याचा आवाज येत होता. साहेबांनी झोपाळ्यावरून सांगितलेली एकेक गोष्ट मी आठवून पाहिली. वादाची सोडली, तर बाकीची एकही खोटी नव्हती. ती फक्त आम्हाला सांगायची होती. स्वतः करायची नव्हती.

"आजून हाय," मामा म्हणाले. "तितं चार खोल्या बांदतोय. भाड्यानं द्यायला. आन बोळातली खोली पाडनार हाय, मोटार ठिवायला. तात्याला बोलावून म्हनला, सखाराम, पयली खोली तुजी. आठ रुपये. आपला मानूस म्हनून."

"तात्या काय म्हणाले?"

"हितंच तर इपरित झालं. ह्या खेपंला हात जोडलं न्हायत. म्हनले, पोराला इचारतो. म्हनून आलो मी. वांगी काय, बाजारात इकली आसती."

"आणि आई?"

"ती म्हनली, पोरगं म्हनंल तसं. पर तिचं तोंड बगवत न्हाय."

मी मामांना सांगितलं, नाही म्हणून कळवा. त्या जागेवर आम्ही भाडं देऊन राहणार नाही. पाडव्यापर्यंत आई-तात्यांनी बाजाराजवळ दुसरी खोली बघावी, कितीही लहान चालेल. मालक पावती देणारा असावा. उन्हाळ्यात मी कारखान्याच्या काट्यावर जाणार, आणि जूनमध्ये परत कॉलेजात येणार. दोन्ही. आबांच्या तुकड्यापाशी माळ संपलेला नाही.

"कागद कोन वाचंल?" मामांनी विचारलं. थट्टेने नाही, काळजीने.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारे पेन्शनर राहतात. त्यांना मोडी येते. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि शिकवाल का म्हणून विचारलं. वर्गातली मुलं हसतात. मेलेली लिपी कशाला शिकतोस, म्हणतात. आमच्याकडच्या जमिनी अजून तिच्यातच आहेत.

मामांना मी एवढंच म्हणालो, "मी वाचीन."