दुपारपुरती कायदामंत्री

मागच्या रविवारी मी देशाची कायदामंत्री झाले... दुपारपुरती का होईना, झाले! बोईसरच्या एका मंगल कार्यालयात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

आमच्या महिला मंडळाने अभिरूप संसद ठेवली होती. म्हणजे संसदेचं नाटकच, फक्त त्यात परीक्षक आणि ढाल. आम्ही सरकार आणि केळव्याचं महिला मंडळ विरोधी पक्ष. आमच्या अध्यक्षा सुलभाताई अर्थातच पंतप्रधान... त्यांना दुसरं काही व्हा म्हणायची आमच्यात कोणाची छाती नाही.

अर्थ, गृह, संरक्षण या खात्यांवर नुसत्या उड्या पडल्या. कायदा खातं कोणालाच नको होतं, ते माझ्या गळ्यात आलं. कारण मी कशालाच नाही म्हणत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सतरंज्या घालायच्या, चहा सांगायचा, बॅनर बांधायचा... ती करेल. लग्न होऊन कराडहून इथे आले तेव्हापासून हेच चाललंय, मंडळात आणि घरीसुद्धा.

बरं, कायदामंत्री म्हणजे न्यायाधीश, अशी सगळ्यांची पक्की समजूत. तालमीला कोणीतरी वकील भाच्याचा काळा कोट घेऊन आलं आणि टेबलावर आपटायला स्वयंपाकघरातला बत्ता! मीही तो कोट घालून मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू...

मग घरी डाळ शिजेपर्यंत म्हणून मोबाईलवर या खात्याबद्दल वाचायला बसले आणि डाळ करपली. हे खातं कायद्यांचे मसुदे करतं, सरकारला सल्ला देतं, वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांची कागदपत्रं पुढे नेतं. पण कोर्टात चालू असलेल्या खटल्यात मंत्र्याने नाक खुपसायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी कोट आणि बत्ता दोन्ही परत केले. सुलभाताई म्हणाल्या, मग तुझा उपयोग काय? त्या रात्री मी पुन्हा मोबाईल उघडून वाचत बसले.

रविवारी प्रश्नोत्तरं सुरू झाली. लिहून आणलेला प्रश्न, लिहून आणलेलं उत्तर... सगळं सुरळीत. मग केळव्याच्या हिराबाई उठल्या. मासे विकतात, त्यामुळे माईकची गरजच नाही. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि स्वतःचंच गाऱ्हाणं मांडलं.

किनाऱ्यावर जायची त्यांची वाट एका नारळाच्या वाडीतून जाते, अगदी सासूच्या काळापासून. वाडीच्या मालकाने मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि वाटेवर कुंपण घातलं. आता डोक्यावर टोपली घेऊन लांबचा वळसा. पालघरच्या कोर्टात खटला आहे, पण नुसत्या तारखाच पडतायत.

"मंत्रीणबाय, कायदा तुमच्या हातात हाय ना? मग आताच सांगा, वाट माजी हाय का नाय?"

हॉल टाळ्यांनी दणाणला. मागून 'निकाल द्या, निकाल द्या' सुरू झालं. शेजारून सुलभाताई कुजबुजल्या, कुंपण बरोबर आहे म्हण आणि बस खाली. यांना कुंपणाचं एवढं काय पडलंय ते मला कळेना.

वाट हिराबाईंची आहे म्हटलं असतं तर विरोधकांनी डोक्यावर घेतलं असतं. नाही म्हटलं असतं तर पंतप्रधान खूश. दोन्ही सोपं होतं. मी उठले.

"हिराबाई, वाट कोणाची ते मी सांगणार नाही. ते माझं काम नाही."

काय गोंधळ उठला म्हणून सांगू! राजीनामा द्या, राजीनामा द्या... सुलभाताईंनी माझा पदर ओढला. मी बसले नाही. म्हटलं, ज्या दिवशी मंत्री निकाल देईल, त्या दिवशी ज्याची मंत्र्याशी ओळख त्याची वाट. निकाल न्यायाधीशच देणार. पण तुम्हाला त्यांच्यासमोर नीट उभं राहता यावं, हे बघणं माझं काम. मग मी त्यांनाच विचारलं, तुमचा वकील कोण?

वकील परवडत नव्हता, म्हणून सोडला होता. खटला त्या एकट्याच चालवत होत्या.

हे मात्र मी वाचलं होतं! मी सांगितलं, बाईला कोर्टात मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. हे तुम्हाला आजवर कोणी सांगितलं नाही, त्याबद्दल सरकारतर्फे मी माफी मागते.

हिराबाईंनी बाजूला ठेवलेला कागद उचलून त्याची घडी घातली. "उत्तर भेटलं," एवढंच म्हणून त्या खाली बसल्या आणि विरोधी बाकांवरून पहिली टाळी त्यांनीच वाजवली. मग सगळा हॉल!

उत्कृष्ट मंत्र्याची ढाल मला मिळाली. जेवताना हिराबाई हसत हसत पानाशी आल्या. म्हणाल्या, तो वाडीवाला तुमच्या सुलभाताईंचा सख्खा भाऊ.

"तू कुंपनाच्या बाजूनं बोलली असतीस ना, तर भर सभेत इचारनार होते, कोनाच्या सांगन्यावरून बोललीस म्हनून."

म्हणजे बाईंनी सापळाच लावला होता आणि मी त्यातून सहीसलामत सुटले होते!

काल त्यांचा पालघरहून फोन आला. अर्ज घेतला, वकील मिळणार. खटल्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. सुलभाताई अजून माझ्याशी बोलत नाहीत... बोलतील.

ढाल शोकेसमध्ये ठेवलीय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, एवढं काय केलंस गं? मी ऐटीत सांगते... जन्मात पहिल्यांदा चारचौघांत 'हे माझं काम नाही' म्हटलं आणि त्याचं बक्षीस मिळालं. हिराबाई, तुमच्यामुळे हो.