जिभेची पारख

आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते, लालबागच्या चाळीत राहायचे. भिंगं आणि जाडजूड पुस्तकं आम्हा मास्तरांसाठी. त्यांना जीभ पुरे. कुणी जीवाश्म म्हणून काही आणलं, की ते सदऱ्याला पुसून जिभेच्या शेंड्याला लावत.

"हाड जिभेक चिकटता, मास्तर. दगड नाय."

त्यांचं कधी चुकलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात त्यांचा मुलगा गेला. अस्थी दादरच्या समुद्रात सोडून दुसऱ्याच दिवशी ते कामावर आले आणि कपाटं पुसत राहिले.

पुढे महिन्याभराने मी त्यांच्यापुढे एक झिजलेला, भोकाभोकांचा तुकडा ठेवला. सवयीने त्यांनी तो सदऱ्याला पुसून तोंडापाशी नेला.

"खंय गावलो?"

"दादरच्या चौपाटीवर," मी बोलून गेलो.

त्यांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो तुकडा कपाळाला लावला आणि मला परत दिला.

"तुमीच बगा, मास्तर."

मी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. येताना वाटेतच मी तो जिभेला लावून पाहिला होता. चिकटला होता.