धाब्यावरची माती

१९९४च्या आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, सुरतेत लिंबायतच्या माझ्या ओट्यावर आम्ही तिघे होतो: मी, शेजारचा लूम कामगार आणि धुळ्याकडून आलेला त्याचा थोरला भाऊ. पावसाळ्यापूर्वी गावच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, नवी माती टाकायला भाऊ तीनशे रुपये मागत होता.

माझा शेजारी कुणाच्याही घरात शिरला की आधी वर छताकडे पाहतो, मग दाराजवळ बसतो. लातूरकडच्या भूकंपापासूनची ही सवय. लूमच्या खडखडाटामुळे बोलतो मात्र ओरडून. त्या दिवशी तो हळू बोलला.

“पैसे देतो. पण आधी जुनी माती उतरव. घर चांगलं आहे, लाकडी खांबांवर उभं आहे. बापाने दरसाल थर चढवला, तो आता गुडघ्याएवढा झालाय.”

“बापाची माती उतरवू? गाव हासेल! सुरतचं पाणी लागलं तुला.”

“हासू दे, भाऊ. माय तेना खाले झोपस.”

भाऊ तयार झाला.

भूकंपानंतर मातीच्या घरांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटले. नेमकं ओझं ओळखणारा मला हा एकच भेटला.

गावात या कामाला मजूर मिळेनात. दोघा भावांनीच माती उतरवली आणि वीतभर नवा थर दिला. मजुरीचे वाचलेले तीनशे रुपये मायच्या हातात ठेवले, हे त्याने परतल्यावर मला सांगितलं, गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून.